सैनिकाची पाण्याची बाटली

कॅन्टीन म्हटलं की आपल्याला चहा आणि वडा आठवतो. पण सैनिकाच्या खांद्याला लटकणाऱ्या पाण्याच्या बाटलीलाही कॅन्टीनच म्हणतात. अमेरिकेत दीडशे वर्षांपूर्वीच्या अशा बाटल्या हौसेने जमवणारे लोक आहेत. आज आम्ही या छंदाविषयी बोलणार आहोत.

यातली प्रसिद्ध बाटली म्हणजे १८५८ चा नमुना. कथिलाचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याच्या दोन पसरट वाट्या काठाला काठ लावून डाख देऊन जोडायच्या. वर तोंड, त्याला बूच, बाजूला पट्टा ओवायला कड्या आणि सगळ्यावर लोकरी कापडाचं आवरण. आत साधारण सव्वा ते दीड लिटर पाणी मावायचं. आवरण भिजवलं की पाणी गार राहायचं. आपल्याकडची छागल आठवा, युक्ती तीच! पुढे १८६२ च्या सुमारास पत्र्यावर गोल गोल वळ्या उठवलेली बाटली निघाली. वळ्यांमुळे पत्र्याला बळकटी आली.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं. तेव्हा सैनिक फुटकी बाटली टाकून देत नसत. डाख वितळवून दोन वाट्या वेगळ्या केल्या, की एकीत मांस परतायचं. दुसरीला खिळ्याने भोकं पाडली की मक्याची कणसं किसायला किसणी तयार. संसार चालवणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको.

युद्ध संपलं आणि उरलेल्या बाटल्या पश्चिमेकडच्या सरहद्दीवरच्या ठाण्यांवर गेल्या. तिथे मूळ रहिवाशांच्या जमिनी बळकावण्यासाठी लढाया चालू होत्या. १८७० नंतर जुन्याच बाटल्यांवर जाड कॅनव्हास चढवून त्यावर ‘यू. एस.’ अशी अक्षरं छापली गेली. कधी कधी आतलं जुनं लोकरी कापड तसंच राहिलं. नवशिके संग्राहक आतलं कापड पाहण्याच्या नादात वरचा कॅनव्हास फाडतात आणि बाटलीचा अर्धा इतिहास गमावतात. म्हणून जाणकार सांगतात, पत्रा घासून चकचकीत करू नका, उसवलेलं शिवू नका, कोरलेली आद्याक्षरं पुसू नका. किंमत त्या खुणांचीच असते.

या बाटलीचं मोल कळायला एक गोष्ट पुरे. जुलै १८७७ मध्ये टेक्सासच्या लानो एस्टाकाडो या ओसाड पठारावर टेन्थ कॅव्हलरीचे कृष्णवर्णीय सैनिक कोमांची लोकांचा माग काढत निघाले आणि वाट चुकले. ८६ तास पाणी नाही. घोड्यांचं रक्त प्यायची वेळ आली. चार सैनिक दगावले. बाटल्या सगळ्यांकडे होत्या, पण त्या भरायला पाणीच नव्हतं.

आता महत्त्वाची गोष्ट. अशा वस्तू जुन्या रणभूमीवर खणून काढायचा मोह होतो. पण १९७९ च्या अमेरिकन कायद्याने केंद्र सरकारच्या आणि मूळ रहिवाशांच्या जमिनीतून शंभर वर्षांहून जुन्या पुरातत्त्वीय वस्तू परवान्याशिवाय काढणं गुन्हा आहे. त्याला कारणही तसंच आहे. १८७६ मध्ये मोंटाना भागात लिटल बिगहॉर्नला लाकोटा, शायेन आणि त्यांच्या साथीदारांनी सेव्हन्थ कॅव्हलरीचा पराभव केला. तिथे टेकडीवर अडकलेल्या जखमींसाठी काही सैनिक गोळीबारातून बाटल्या आणि किटल्या घेऊन नदीवर उतरले होते. त्या मैदानावर १९८३ मध्ये वणव्याने गवत जळालं, जमीन उघडी पडली. पुढच्या वर्षापासून अभ्यासकांनी काडतुसं कुठे कुठे पडली आहेत याचा नकाशा केला आणि लढाई कशी सरकत गेली ते नव्याने कळलं. कुणी आधीच ती वेचून नेली असती, तर जमीन मुकी झाली असती. वस्तू हातात राहिली असती, गोष्ट हरवली असती.

मैत्रिणींनो, आपल्या घरातल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांवरही कुणाचं तरी नाव आणि साल कोरलेलं असतं. मोडीत देण्याआधी ते एकदा वाचा. भांडं कुणी दिलं, कधी आलं, ते सासूबाईंना, आईला विचारा आणि वहीत लिहून ठेवा. वजनाचे पैसे भंगारवाला देईल, ती गोष्ट मात्र त्याच्याकडून परत मिळणार नाही.