यंत्रमानवाची आज्ञावली : खुली की राखीव?

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात मुळशी येथे दिलेले व्याख्यान)



यंत्रमानवशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलांस शिक्षणफंडातून साहाय्य करण्याचे मंडळाने योजिले आहे, हे ऐकून आम्हांस संतोष वाटला. वाकस आणि घण ज्यांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या शोभले, त्यांची मुले आता यंत्राचे हात घडवू पाहतात, यात नवल नाही. परंतु फंडाचा पैसा कशावर खर्चावा याविषयी दोन मते पडली आहेत. परवाना विकत घेऊन मिळणारी तयार आज्ञावली मुलांस द्यावी, हे एक मत; सर्वांस खुली असलेली आज्ञावली वापरावी व पैसा अन्यत्र लावावा, हे दुसरे. त्याविषयी आपणांपुढे दोन शब्द बोलण्याची आज्ञा झाल्यावरून आम्ही उभे आहोत.

यंत्रमानवाचे शरीर लोखंडाचे असले तरी त्याची बुद्धी आज्ञावलीत, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये असते. हात किती वळवावा, समोरचा अडथळा कसा ओळखावा, हे सारे तेथे लिहिलेले असते. राखीव आज्ञावलीचा मूळ मजकूर मालक दाखवीत नाही. आपणांस केवळ वापराचा परवाना मिळतो. खुल्या आज्ञावलीचा मजकूर वाचता येतो, सुधारता येतो आणि सुधारलेला दुसऱ्यास देता येतो. मात्र खुले म्हणजे फुकट नव्हे. फुकट मिळालेली कुलूपबंद पेटी ही कुलूपबंदच राहते.

या शास्त्राचा अलीकडचा इतिहास पाहावा. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात काही तरुण संशोधकांच्या ध्यानी आले की, प्रत्येक प्रयोगशाळा तेच प्राथमिक काम नव्याने करीत बसते आणि खऱ्या संशोधनास वेळच उरत नाही. त्यातून 'रोबोट ऑपरेटिंग सिस्टीम', संक्षेपाने 'रॉस', ही खुली प्रणाली २००७ च्या सुमारास आकारास आली व 'विलो गराज' या कंपनीत वाढली. २०१० साली त्या कंपनीने आपले 'पीआर-२' नावाचे ११ यंत्रमानव ११ संशोधनसंस्थांस विनामूल्य वापरावयास दिले. त्यामागे अपेक्षा ही की, जे निष्पन्न होईल ते सर्वांस खुले करावे. पुढे थोड्याच वर्षांत ती कंपनी बंद पडली. परंतु रॉस बंद पडली नाही. २०१२ साली स्थापन झालेल्या एका स्वतंत्र प्रतिष्ठानाने तिचा सांभाळ केला आणि जगभरच्या प्रयोगशाळांनी ती वाढविली.

याच काळात मायक्रोसॉफ्टसारख्या बलाढ्य कंपनीनेही यंत्रमानवांसाठी आपली राखीव प्रणाली २००६ साली काढली होती. २०१२ नंतर तिची नवी आवृत्ती निघाली नाही आणि २०१४ साली तो विभागच बंद झाला. ज्यांनी तीवर श्रम वेचले होते त्यांस ती पुढे चालविता येईना, कारण मूळ मजकूर त्यांच्या हाती नव्हता. २०१८ साली त्याच कंपनीने आपल्या विंडोजवर रॉस चालेल अशी व्यवस्था करावी, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

तथापि दुसऱ्या पक्षाचे म्हणणे पोकळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. कारखान्यातील यंत्रहस्त माणसाशेजारी काम करतो. तो चुकला तर जीवावर बेतते. तेथे चाचणी करून हमी देणारा व दुरुस्तीस धावून येणारा कोणी जबाबदार धनी लागतो, आणि त्याचे मोल द्यावे लागते. कूका, एबीबी, फानुक या प्रत्येक कंपनीची आज्ञाभाषा निराळी आहे. ज्या मुलास कारखान्यात नोकरी करावयाची, त्याने ती शिकणे अवश्य आहे. पण संशोधनाचा धर्म निराळा. एकाने काढलेला निष्कर्ष दुसऱ्याने पडताळून पाहावा, हे शास्त्राचे पहिले बंधन होय. साधनाचे अंतरंगच झाकलेले असेल, तर पडताळणी अपुरी राहते. शिवाय महाविद्यालयाच्या नावे घेतलेला परवाना विद्यार्थी बाहेर पडताच त्यास बंद होतो. शिकलेली विद्या हाती, पण हत्यार दुसऱ्याच्या घरी, अशी त्याची गत होते.

आपल्या महाराष्ट्रातही या दिशेने काम झाले आहे. मुंबईच्या आयआयटीतील 'ई-यंत्र' प्रकल्पाने महाविद्यालयांत यंत्रमानवांच्या प्रयोगशाळा उभ्या करण्यास साहाय्य केले व स्पर्धांतून हजारो विद्यार्थ्यांस हे शास्त्र हाताळावयास लावले. तेथीलच 'फॉसी' प्रकल्पाने महागड्या मॅटलॅबच्या जागी सायलॅब ही खुली प्रणाली वापरून पाठ्यपुस्तकांतील उदाहरणे विद्यार्थ्यांकडूनच सोडवून घेतली आणि ती सर्वांस उपलब्ध केली. हिंजवडी आपल्या मुळशी तालुक्यातच आहे. तेथे आज्ञावली लिहिणाऱ्यांची दाटी आहे. आपली मुले तेथे केवळ परवानाधारक म्हणून जावीत की मूळ मजकूर जाणणारे कारागीर म्हणून, हा खरा प्रश्न आहे.

मुळशीकरांस मुळावरील अधिकाराचे महत्त्व सांगावयास नको. पाणी व जमीन यांवर हक्क कोणाचा, या प्रश्नावर १९२१ साली याच खोऱ्यात सत्याग्रह झाला. उपमा ताणू नये. पण मूळ ज्याच्या हाती, त्याचीच पुढे सत्ता चालते, एवढे येथे सर्वांस ठाऊक आहे.

आणि बंधूंनो, दोष नेहमी परक्यांतच शोधू नये. पाणी देण्याची, सांधा बसविण्याची खुबी घराबाहेर जाऊ नये म्हणून आपल्या वडीलधाऱ्यांनी किती जपले! पोटासाठी त्यांस तसे करणे भाग होते. पण ज्या घरी वारस शिकला नाही, तेथे ती खुबी कारागिराबरोबरच गेली.

म्हणून आमची सूचना अशी. फंडाचा पैसा परवान्यांवर न खर्चता मोटारी, संवेदके व सुटे भाग यांवर खर्चावा. आज्ञावली खुलीच घ्यावी. आणि ज्यास साहाय्य मिळेल त्याने आपले काम, चुकलेल्या प्रयोगांसह, मराठीत टिपणे लिहून पुढील वर्षीच्या मुलांसाठी खुले ठेवावे. घेणाऱ्याने परतही द्यावे, या एका अटीवरच खुली विद्या जगते. ती मोडली, तर तीही एक भिक्षाच ठरेल.

मंडळाने यावर योग्य तो निर्णय करावा, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.