बिनपगारी पहारेकरी



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. संगणकाच्या आज्ञावलीत पडणारी भगदाडे हा विषय एखाद्या इंजिनिअरने मांडावा. युनियनच्या माणसाने त्यात कशाला पडावे? माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढे जे शिकलो ते युनियनच्या कचेरीत, रात्री, इतरांनी रद्दीत काढलेल्या पुस्तकांतून. यंत्राच्या आतली बाजू मला जेवढी उमगली तेवढीच मी सांगणार आहे. परंतु या विषयाच्या तळाशी जो प्रश्न आहे तो श्रमाचा आहे, आणि त्यावर बोलण्याचा थोडाफार अधिकार तीस वर्षांच्या कामाने मला दिला आहे असे मी समजतो.

प्रथम एका शब्दाचा उलगडा करतो. आपल्या रामदासपेठेत विद्यापीठाचे ग्रंथालय आहे. संगणकवाले ज्याला ‘लायब्ररी’ म्हणतात ती तशी नव्हे. सुतार कपाट करतो तेव्हा बिजागऱ्या, कड्या, खिळे तो स्वतः ठोकून काढीत नाही. इतवारीतून तयार आणतो. बँकेची, इस्पितळाची, रेल्वेच्या तिकिटाची आज्ञावली लिहिणारेही असेच तयार भाग आणून जोडतात. अशा तयार भागांच्या संचाला त्यांच्या भाषेत लायब्ररी म्हणतात. यांतले असंख्य भाग ‘ओपन सोर्स’ असतात. म्हणजे दुकानदार बिजागरी फुकट देतो, तिचा नकाशाही सोबत देतो, आणि सांगतो की हवी तर बदलून घ्या, हवी तर विका. जगात असे दुकान दुसरे नसेल! आज लहानमोठी बहुतेक प्रत्येक कंपनी या दुकानाची गिऱ्हाईक आहे.

आता अशा एका बिजागरीची हकीकत ऐका. तिचे नाव लॉगफोरजे. काम अगदी कारकुनी. यंत्रात जे जे घडेल त्याची नोंद करायची: अमुक वाजता अमुक माणूस आत आला, अमुक वेळी अमुक चूक झाली. सरकारी कचेरीत आवक-जावक रजिस्टर असते ना, तेच. २०१३ साली या कारकुनाला एक जादा विद्या शिकवण्यात आली. नोंद करताना मजकुरात विशिष्ट खुणेने एखादा पत्ता दिलेला दिसला, तर त्या पत्त्यावर जाऊन तिथला माल घेऊन यायचा. कोणाच्या तरी सोयीसाठी ही सोय झाली होती, आणि आठ वर्षे तिच्याकडे कोणी वाकड्या नजरेने पाहिले नाही. पण विचार करा, रजिस्टरात नोंद होते ती बाहेरून आलेल्या अर्जाची, आणि अर्जात काय लिहावे हे अर्जदाराच्या हाती असते. एखाद्या लबाडाने अर्जात लिहिले, ‘माझ्या घरी ये, पेटी आण, साहेबांच्या टेबलावर ठेव आणि उघड’, तर आमचा हा आज्ञाधारक कारकून नुसती नोंद करून थांबत नव्हता. खरोखरच जाऊन पेटी आणीत होता. पेटीत काय असेल ते लबाडाच्या मर्जीवर.

चीनमधील अलिबाबा कंपनीच्या क्लाउड विभागातील चेन झाओजुन या अभियंत्याने २४ नोव्हेंबर २०२१ रोजी ही गोष्ट त्या भागाची देखभाल करणाऱ्या अपाचे फाउंडेशनला कळवली. त्याने रीतसर, गाजावाजा न करता कळवली. सरकारला आधी कळवले नाही म्हणून चीनच्या मंत्रालयाने त्याच्या कंपनीशी असलेले सहकार्य सहा महिन्यांसाठी थांबवले. प्रामाणिकपणे काम करणाऱ्याच्या पदरात काय पडते याचा हा एक नमुना. दुरुस्ती चालू असतानाच ९ डिसेंबरला ही बातमी फुटली. धोक्याला गुण देण्याची त्यांची पद्धत आहे; दहापैकी दहा गुण या भगदाडाला मिळाले. आपल्या देशाच्या सर्ट-इन या संस्थेनेही इशारा काढला. पहिली दुरुस्ती आली, ती अपुरी पडली. दुसरी आली, तिसरी आली. डिसेंबर संपेपर्यंत हेच चालले होते.

त्या डिसेंबरात नागपुरातल्या एका कंपनीतली चार मुले आमच्या कचेरीत आली. नाव सांगत नाही, त्याची जरुरी नाही. तीन रात्री ती घरी गेली नव्हती. मी विचारले, “दुरुस्ती तर तयार आहे म्हणता, मग तीन रात्री कशात गेल्या?” त्यांतला एक म्हणाला, “काका, लावायला पाच मिनिटं लागतात. तो भाग कुठं कुठं बसलाय तेच कोणाला ठाऊक नाही.” एका भागाच्या पोटात दुसरा भाग, त्याच्या पोटात तिसरा, आणि कुठल्यातरी परदेशी विक्रेत्याच्या बंद डब्यात हा कारकून बसलेला. यादी कोणीच केलेली नव्हती. जादा कामाचे काय, असे मुलांनी विचारले तेव्हा वरिष्ठांनी सांगितले की ही आणीबाणी आहे, आणि आणीबाणीत तास मोजायचे नसतात. मित्रहो, महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात जादा कामाला दुप्पट दर लिहिलेला आहे. आणीबाणीचा अपवाद मला तरी त्या कलमात कुठे सापडला नाही.

पण या चौघांना निदान पगार होता. लॉगफोरजे ज्यांनी राखले होते, ते बहुतेक स्वयंसेवक. दिवसा दुसरीकडे नोकरी करायची आणि रात्री, सुट्टीत, हा भाग सांभाळायचा. जगातल्या श्रीमंतातल्या श्रीमंत कंपन्या त्यावर उभ्या होत्या. भगदाड पडल्यावर या स्वयंसेवकांना शिव्या मात्र पगारी माणसासारख्या पडल्या.

हे एकदाच घडले असते तर मी आपला वेळ घेतला नसता. २०१४ च्या एप्रिलमध्ये ओपन-एसएसएल नावाच्या भागात ‘हार्टब्लीड’ हे भगदाड सापडले. आपण बँकेच्या पानावर जातो तेव्हा वर कुलपाचे चित्र दिसे. ते कुलूप असंख्य ठिकाणी या भागाचे असे. दोष साधा होता. एक यंत्र दुसऱ्याला विचारते, ‘जागा आहेस ना? मग हा शब्द मला परत म्हणून दाखव, यात इतकी अक्षरे आहेत.’ समोरचे यंत्र अक्षरे मोजून पाहत नव्हते. तीन अक्षरांचा शब्द देऊन हजारो अक्षरे मागितली, तर ते शेजारच्या आठवणीतले वाटेल ते वाचून दाखवी. त्यात परवलीचे शब्दही आले आणि किल्ल्याही आल्या. दोन वर्षे असेच चालले होते. कॅनडाच्या करखात्यातून सुमारे ९०० नागरिकांचे क्रमांक याच वाटेने गेले. मग लोकांनी विचारले, हे कुलूप राखते कोण? उत्तर ऐकून मी वाचता वाचता पुस्तक खाली ठेवले. पूर्णवेळ काम करणारा माणूस एक. देणगी वर्षाला सुमारे २,००० डॉलर. त्याच महिन्यात लिनक्स फाउंडेशनने धावपळ करून बड्या कंपन्यांकडून निधी उभा केला. तोवर त्यांतल्या कोणाला ही आठवण झाली नव्हती.

आपल्यालाही हे नवीन नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, रामदासपेठही सुटली नाही. सांडव्याची आणि नदीच्या पात्राची देखरेख कोणाकडे आहे, हा प्रश्न आपल्यापैकी किती जणांनी त्याच्या आदल्या दिवशी विचारला होता?

येथे कोणी मला म्हणेल, अहो, हे श्रमदान आहे. त्याला मजुरीचे गणित कसले लावता? विदर्भात उभे राहून मी श्रमदानाला नावे ठेवणार नाही. गाडगेबाबांनी खराट्याने गावे झाडली, तुकडोजी महाराजांनी गावोगाव लोकांना कुदळ-फावडे उचलायला लावले. आम्ही त्यांच्याच मातीतले. पण झाडलेला रस्ता साऱ्या गावाचा राहिला. कोणी त्यावर नाका बसवून टोल घेतला नाही. लोकांनी हौसेने आणि सद्भावनेने दिलेल्या श्रमावर कोणी अब्जावधींचा व्यवहार उभा करतो, त्यातला छदामही देखभालीला ठेवत नाही, आणि भिंत कोसळली की देणाऱ्यालाच जाब विचारतो, त्याला श्रमदान म्हणण्यास माझी जीभ वळत नाही. आमच्या शब्दकोशात त्याला वेठ म्हणतात.

आणि या वेठीचा फायदा चोर कसा घेतो, ते २०२४ साली दिसले. एक्सझेड नावाचा एक भाग आहे. मोठा मजकूर दाबून लहान करणे हे त्याचे काम. फिनलंडचा लासे कोलिन हा गृहस्थ तो कित्येक वर्षे जवळजवळ एकट्याने सांभाळीत होता. २०२२ साली त्याच्यावर पत्रांचा मारा सुरू झाला: काम संथ चालते, तुमचे लक्ष नाही, दुसऱ्याच्या हाती द्या. त्याने उत्तर दिले की मनाची प्रकृती बरेच दिवस ठीक नाही, आणि हे काम बिनपगारी, आवडीखातरचे आहे हे ध्यानात असू द्या. याच सुमारास जिया तान या नावाचा एक मदतनीस पुढे आला होता. नम्र, कष्टाळू, चांगले काम करणारा. दोन-अडीच वर्षांत त्याने विश्वास मिळवला, किल्ल्या मिळवल्या, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत त्या भागात चोरदरवाजा बसवला. त्यातही चलाखी अशी की सर्वांना दिसणाऱ्या वहीत तो पुरता लिहिलेलाच नव्हता; वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात त्याचा शेवटचा दुवा घातला होता. जिया तान कोण, हे आजतागायत उघड झालेले नाही. ती तक्रारीची पत्रेही बनावट नावांची असावीत असे जाणकारांना वाटते.

थकलेला एकटा माणूस हेरायचा, त्याला आणखी थकवायचे, मग मदतीचा हात पुढे करायचा. युनियन फोडणारे याहून वेगळे काय करतात? मी ही तऱ्हा गेटवर पाहिलेली आहे, म्हणून एक्सझेडची हकीकत मला इंजिनिअरांइतकी विलक्षण वाटली नाही.

चोरी पकडली गेली ती आंद्रेस फ्रॉइंड या मायक्रोसॉफ्टमधील अभियंत्यामुळे. दुसरेच काम करताना त्याला दिसले की यंत्रात प्रवेश मिळायला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. अर्धा सेकंद! तो मागे लागला, खोदत गेला, आणि २९ मार्च २०२४ रोजी त्याने जगाला सांगितले. दूषित प्रत तोवर मुख्यतः चाचणीच्या आवृत्त्यांतच पोहोचली होती. खोदता आले, कारण भाग उघडा होता. ‘उघडे म्हणून असुरक्षित’ असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. बंद डब्यातला माल तपासायला मालकाशिवाय कोण जाणार?

बंद डब्याचा अनुभव तर आपल्या महाराष्ट्राला आहे. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधील एका हिशेबाच्या आज्ञावलीच्या अपडेटमधून नॉटपेट्या हा विषाणू सुटला, आणि न्हावा शेवा बंदरात मर्स्क समूहाकडे असलेल्या टर्मिनलचे संगणक बंद पडले. ती आज्ञावली ओपन सोर्स नव्हती. कंटेनरांची कामे हातांनी करण्याची पाळी आली. युक्रेनच्या हिशेबनिसाशी उरणच्या कामगाराचा काय संबंध? पण ज्या कंपनीची यंत्रे तिकडे होती तिचीच इकडे होती, आणि विश्वासाने घेतलेला माल कोणी तपासला नव्हता.

आता उपाय. मी गिरणीच्या शहरातला माणूस, तेव्हा बॉयलरकडे बोट दाखवतो. एम्प्रेस मिल १८७७ साली नागपुरात सुरू झाली. बॉयलर फुटला तर माणसे मरतात, म्हणून १९२३ साली कायदा झाला: प्रत्येक बॉयलरची नोंद, ठराविक मुदतीत तपासणी, दाखला नसेल तर वाफ धरायची नाही. त्या काळच्या मालकांनाही हा खर्च नकोच होता. नोंद आणि तपासणी या दोन गोष्टी येथे अजून बाल्यावस्थेत आहेत. आज्ञावलीत कोणकोणते भाग बसवले आहेत याची यादी ठेवावी, अशी मार्गदर्शक सूचना सर्ट-इनने २०२४ च्या ऑक्टोबरात काढली. हे चांगले झाले, पण सूचना पुरेशी नाही. अमेरिकेच्या सरकारी समितीने २०२२ सालीच म्हटले आहे की लॉगफोरजेचे भगदाड दशकभर किंवा त्याहून अधिक काळ कुठे ना कुठे उघडे राहील. पैशाचे म्हणाल, तर बंगळूरच्या झिरोधा कंपनीने २०२४ साली अशा भागांच्या राखणदारांसाठी दरवर्षी दहा लाख डॉलर ठेवण्याचे जाहीर केले. भांडवलदाराची स्तुती माझ्या तोंडून क्वचित निघते. येथे ती केली पाहिजे. बाकीच्यांचे काय, हे विचारण्याचे काम आपले आहे.

आपल्यापैकी बहुतेकजण कुठल्या ना कुठल्या सहकारी बँकेचे किंवा पतसंस्थेचे सभासद असाल. वार्षिक सभेला आपण जातो, नफावाटणीवर भांडतो, चहा घेऊन परततो. सभासद म्हणून आपल्याला आणखीही विचारता येते: आपल्या आज्ञावलीतल्या भागांची यादी आहे काय? भगदाड कळल्यापासून दुरुस्ती लावण्यापर्यंत किती दिवस लागतात? ते काम करणाऱ्या मुलांना जादा वेळेचे पैसे मिळतात काय? मी ज्या संस्थेचा सभासद आहे तिच्या सभेत हे तिन्ही प्रश्न लेखी दिले. चिटणीस सज्जन गृहस्थ आहेत. त्यांनी प्रश्न वाचून दाखवले आणि आज्ञावली पुरवणाऱ्या कंपनीला पत्र लिहिले. उत्तराची वाट आम्ही पाहत आहोत, आणि पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर ते पत्र घालून ठेवले आहे.