वर, कडे आणि मागे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला मी चहाच्या बाजूला असते. या वर्षी अध्यक्षबाईंनी मला तिथून उठवून इथे उभे केले. विषय ऐकून काही जणींना हसू आले असेल. शिक्षण सातवी, आणि बोलणार इंग्रजीवर! आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असे, म्हणजे माझे इंग्रजी एकंदर तीन वर्षांचे. पण ज्या दगडाला आपण ठेचकाळलो, तो दगड कुठे आहे हे आपल्यालाच नीट सांगता येते. म्हणून धीर केला आहे.

गेल्या वर्षी धाकट्याच्या शाळेत पालकसभा होती. तो सातवीत होता. म्हणजे जिथे माझी शाळा सुटली, तिथे तो पोचला होता. बाईंनी मराठीतच विचारले, "घरी अभ्यासाचे कोण पाहते?" पण आजूबाजूच्या आया इंग्रजीत बोलत होत्या, म्हणून मलाही हुरूप आला. मी म्हटले, "आय शाऊट ऑन माय सन डेली." दोन-तीन जणी हसल्या. मुलाने मान खाली घातली. येताना रिक्षात तो एक शब्द बोलला नाही. रात्री जेवताना म्हणाला, "आई, पुढच्या सभेला बाबांना पाठव."

मैत्रिणींनो, मला हसणाऱ्यांचे काही वाटले नाही. पण आपल्या मुलाला आपली लाज वाटावी, हे फार लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी थोरलीला जवळ बसवले आणि विचारले, माझे काय चुकले ते सांग. ती कॉलेजात आहे. म्हणाली, "आई, ‘ऑन’ चुकले. आपण मुलावर ओरडतो, म्हणून तू ‘वर’चे ‘ऑन’ केलेस. इंग्रजीत ‘शाऊट ॲट’ म्हणतात." मी म्हटले, एवढ्याशा शब्दाने काय बिघडते? तेव्हा तिने चेंडूचे उदाहरण दिले. ‘थ्रो द बॉल टू हिम’ म्हणजे त्याला झेलता यावा म्हणून चेंडू त्याच्याकडे टाकणे. ‘थ्रो द बॉल ॲट हिम’ म्हणजे त्याला लागावा म्हणून मारणे. ओरडण्याचेही तसेच. ‘शाऊट टू’ म्हणजे लांबच्या मुलाला ऐकू जावे म्हणून हाक मारणे. ‘शाऊट ॲट’ म्हणजे त्याच्या अंगावर ओरडणे.

मी गप्प झाले. व्याकरण समजले म्हणून नव्हे. मी रोज मुलाला काय देत होते, ते समजले म्हणून.

त्या दिवसापासून दुपारची भांडी झाली की मी त्याचे पुस्तक घेऊन बसू लागले. तेव्हा ध्यानात आले की ही युक्ती आपल्या मराठीत आहेच. फक्त इंग्रजीत हा शब्द पुढे येतो आणि आपला मागून येतो. आपण ‘मुलाकडे लक्ष देतो’ आणि ‘चोरावर लक्ष ठेवतो’. ‘कडे’ म्हटले की त्यात माया येते, ‘वर’ म्हटले की पहारा येतो. हे आपल्याला कोणी शिकवले नाही, आईच्या तोंडून ऐकून आले. इंग्रजीतल्या आयांनाही ते तसेच आले असणार.

कधी दोन्ही भाषांचे जुळते. मूल आईवर अवलंबून असते, तिथे इंग्रजीतही ‘डिपेंड ऑन’ आहे. मुलाचा अभिमान वाटतो, त्या ‘चा’ला ‘प्राऊड ऑफ’ आहे. मूल वाढते ते ‘ग्रो अप’, आणि आई मुलाला वाढवते ते ‘ब्रिंग अप’. ‘मी मुलाला ग्रो अप केले’ असे म्हणता येत नाही, जसे ‘मी मुलाला वाढले’ असे आपण म्हणत नाही. वाढतो ते ताट!

कधी मात्र मुळीच जुळत नाही, आणि तिथेच आपण फसतो. आपण मुलावर रागावतो. इंग्रज बाई ‘अँग्री विथ’ म्हणते, म्हणजे मुलाशी रागावते. आपला मुलगा बापावर जातो. त्यांचा ‘टेक्स आफ्टर हिज फादर’, म्हणजे बापाच्या मागून जातो. आपण म्हणतो ‘माझे ऐक’, म्हणून ‘लिसन मी’ म्हणून मोकळ्या होतो. तिथे ‘टू’ लागतो, ‘लिसन टू मी’. आणि सर्वांत गमतीचे ‘लुक आफ्टर’. आफ्टर म्हणजे मागे. आपल्याकडे मुलाच्या मागे लागणे म्हणजे कटकट करणे. त्यांच्याकडे ‘लुक आफ्टर’ म्हणजे मुलाला सांभाळणे. तोच ‘लुक’ ‘ॲट’बरोबर आला तर नुसते पाहणे, आणि ‘फॉर’बरोबर आला तर हरवलेल्याला शोधणे. म्हणून सुटा शब्द पाठ करून भागत नाही. सुईत दोरा ओवलेलाच ठेवावा, तशी ही जोडी एकत्रच लक्षात ठेवावी.

आता कोणी म्हणेल, या वयात हे कशाला? मैत्रिणींनो, आपल्याच नगरात अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फॅरार या बाई १८३९ साली आल्या. मुलींच्या शाळा चालवून १८६२ साली त्या इथेच वारल्या. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे त्यांच्या संस्थेत घेतले, असे चरित्रांतून सांगितले जाते. फॅरारबाई काही मराठी बोलत जन्मल्या नव्हत्या. ‘मुलीला’, ‘मुलीकडे’, ‘मुलीवर’ हे त्यांनाही मोठेपणी, परक्या मुलखात, चुकत-चुकतच शिकावे लागले असणार. त्यांना आपले प्रत्यय आले, तर आपल्याला त्यांचे का येऊ नयेत? आणि आज हा प्रश्न इंग्रजी शाळेतल्या मुलांच्या आयांचाच राहिलेला नाही. २००० सालापासून महाराष्ट्रात मराठी शाळेतही इंग्रजी पहिलीपासून आहे. आपली बहुतेक मुले घरी येऊन ते पुस्तक उघडतात, आणि आपण स्वयंपाकघरातून नुसते "अभ्यास कर" म्हणतो. माझे तेच होत होते.

आता मी त्याच्या शेजारी बसते. तो मला शिकवतो, मी चुकते, तो हसतो. ते हसणे मला चालते. ओरडणे पुष्कळ कमी झाले. अगदी बंद झाले म्हणेन तर खोटे होईल. माझी थोरली इथेच बसली आहे!

पुढच्या पालकसभेला मीच गेले. त्याने "चल" म्हटले नाही, पण "नको"ही म्हटले नाही. बाईंशी सगळे मराठीत बोलले आणि शेवटी एकच वाक्य इंग्रजीत म्हटले, "नाऊ आय लिसन टू हिम." बरोबर होते की नाही कोण जाणे, पण या वेळी मुलाने मान खाली घातली नाही, एवढे मी पाहिले.

शेवटी मंडळाला एक विनंती. महिन्यातून एकदा, भिशी झाल्यावर अर्धा तास, प्रत्येकीने मुलाचे किंवा नातवंडाचे इंग्रजी पुस्तक घेऊन यावे. एका दिवसाला पाच जोड्या पुरेत. ज्या जास्त शिकल्या आहेत त्यांनी सांगावे, बाकीच्यांनी न लाजता विचारावे. हसायचे झाले तर सगळ्यांनी मिळून हसावे. इंग्रजीत त्यालाही दोन शब्द आहेत, ‘लाफ ॲट’ आणि ‘लाफ विथ’. आपल्या मंडळात दुसराच चालावा.