उतारा, संगणक आणि शोधनिबंध



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले आहे, ते कागद वाचल्याशिवाय मत देत नसत. म्हणून माहिती तंत्रज्ञान आणि राजकारण या विषयावर विद्वान मंडळी काय लिहितात व ते कोणापर्यंत पोहोचते, याविषयी मी आज बोलणार आहे. जोयड्याच्या रानात या विषयाचे काय काम, असे कोणाच्या मनात येईल. परंतु या क्षेत्रातील एक गाजलेला वाद आपल्याच राज्यातील जमिनीच्या उताऱ्यावरून, म्हणजे आपण ज्याला पहाणी म्हणतो त्यावरून, झाला.

कर्नाटक शासनाने ‘भूमी’ योजनेखाली सुमारे ६७ लाख खातेदारांचे २ कोटी उतारे संगणकावर घेतले. २००२ च्या सुमारास १७७ तालुका केंद्रांतून छापील उतारा १५ रुपयांत मिळू लागला आणि हस्तलिखित उताऱ्याची मान्यता गेली. योजनेचे सूत्रधार राजीव चावला आणि अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेतील प्राध्यापक सुभाष भटनागर यांनी तिचे वर्णन यशोगाथा म्हणून केले: ग्रामलेखापालाची मनमानी संपली, लाच घटली. २००७ मध्ये सॉलोमन बेंजामिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमके उलटे मांडले. त्यांच्या मते गावातील निर्णय वर सरकले, लाच वाढली आणि बेंगळुरूभोवतीच्या बड्या जमीनखरेदीदारांना मार्ग सुकर झाला. मायकल गर्स्टीन या कॅनडातील अभ्यासकाने २०११ मध्ये हाच दाखला घेऊन विचारले, की माहिती खुली केली तरी ती वापरण्याचे बळ कोणाकडे असते?

मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसते. एकाच यंत्राने एकट्या शेतकऱ्याचा हेलपाटा वाचावा आणि दलालालाही हात द्यावा, यात विसंगती नाही. पण दोन्ही लेखनांत आपला तालुका कोठे आहे? सुपा हे तालुक्याचे जुने ठाणे काळी नदीवरील धरणाच्या जलाशयात गेले, विस्थापितांची वस्ती रामनगरला झाली. येथील कुणबी पिढ्यान्‌पिढ्या जंगलात कसत आले. परंतु अनुसूचित जमातीत गणना नसल्याने २००६ च्या वनहक्क कायद्याखाली त्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, वास सिद्ध करावा लागतो. जो कागदावरच नव्हता, तो संगणकात कोठून येणार? हा प्रश्न बेंगळुरूच्या बाजारापेक्षा निराळा आहे आणि त्यावर स्वतंत्र निबंध व्हायला हवा.

आता हे लेखन वाचायचे कोठे? बेंजामिन यांचा निबंध कार्यपत्र म्हणून विनामूल्य प्रसृत झाला. गर्स्टीन यांचा लेख ज्या ‘फर्स्ट मंडे’मध्ये आला, ते १९९६ पासून वाचकाकडून शुल्क न घेणारे नियतकालिक. म्हणूनच तो वाद इतका दूर गेला, असे माझे मत आहे. एरव्ही या विषयाची बरीच नियतकालिके मोठ्या परदेशी प्रकाशनसंस्थांच्या हाती आहेत. लेखक व परीक्षक बहुधा विनामोबदला राबतात आणि त्यांच्याच विद्यापीठांना वर्गणी भरावी लागते. या व्यवहाराचे मला नेहमीच नवल वाटते. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये आणि सुमारे १३,००० नियतकालिके! लाभ मात्र शासकीय उच्चशिक्षण व संशोधन संस्थांना. शाळा तिच्या बाहेर, शेतकरी तर त्याहूनही बाहेर.

आणि दार उघडले तरी आत इंग्रजीच. मराठीत गंभीर वैचारिक लेखनाची परंपरा नाही असे नव्हे. वाईच्या प्राज्ञपाठशाळेचे ‘नवभारत’ १९४७ पासूनचे आहे. तथापि संगणक आणि सत्ता यांवर पुराव्यानिशी लिहावे, त्या लेखनाची दुसऱ्या जाणकाराने निर्दयपणे तपासणी करावी, हा रिवाज मराठीत अद्याप रुजलेला नाही. आपल्याकडे परीक्षणात स्नेह फार डोकावतो.

तेव्हा एक विनंती करतो. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी आपापल्या घरचा जुना हस्तलिखित कागद आणि आजचा छापील उतारा शेजारी ठेवावा. नाव, क्षेत्र, पीक यांत फरक पडला असल्यास टिपावा. घरच्यांची संमती घ्यावी, नावे गाळावीत, आणि एकाचे टिपण दुसऱ्याने तपासावे. कागदच नसेल, तर तेही लिहावे. टिपणासाठीचा एक नमुना मी तयार करून आणला आहे. तो मुख्याध्यापकांच्या स्वाधीन करतो.