संशोधनाचे मोजमाप : एक नय, अनेक नय



वैद्यकशास्त्राच्या एखाद्या शाखेत, उदाहरणार्थ कर्करोगशास्त्रात, एखाद्या देशाने किती संशोधन केले हे मोजण्याची एक रूढ पद्धत आहे. जगभरातील नियतकालिकांच्या सूचीतून त्या विषयाचे शोधनिबंध निवडावयाचे, लेखकांच्या संस्थांवरून त्यांची देशवार विभागणी करावयाची आणि प्रत्येक निबंधाचा उल्लेख पुढे इतरांनी किती वेळा केला, ते पाहावयाचे. अमेरिकेत यूजीन गारफील्ड यांच्या संस्थेने १९६४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ या सूचीने अशा गणनेला भक्कम आधार दिला.

ही गणना उपयुक्त आहे. सार्वजनिक निधीतून काय निष्पन्न झाले, याचा हिशेब समाजाला मिळालाच पाहिजे. परंतु जैन दर्शनाच्या परिभाषेत हा केवळ एक नय आहे. त्यालाच पूर्ण सत्य मानणे हा एकांतवाद होय. सूचीबाहेरच्या भारतीय नियतकालिकांतील कार्य या गणतीत येतच नाही. अनेक देशांनी मिळून लिहिलेला निबंध प्रत्येकाच्या खाती पूर्ण धरावा की वाटून द्यावा, एवढ्यावरही क्रमवारी बदलते. आणि निबंधामुळे किती प्राण वाचले, हा रकाना तर त्या तक्त्यात नसतोच.

प्रभादेवीला लागूनच असलेल्या परळचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तेथील टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. १९९८ साली तेथील संशोधकांनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा दीर्घ अभ्यास आरंभिला. गर्भाशयमुखावर व्हिनेगरसदृश सौम्य आम्ल लावल्यास संशयित भाग पांढरा दिसतो. प्रयोगशाळा न लागणारी ही तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी केली. डॉ. सुरेंद्र शास्त्री व सहकाऱ्यांनी २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले : तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

याच स्त्रियांच्या स्तनतपासणीचे निष्कर्ष डॉ. इंद्रनील मित्रा व सहकाऱ्यांनी २०२१ साली मांडले. संपूर्ण गटात मृत्यूंतील घट सांख्यिकीदृष्ट्या निर्णायक ठरली नाही. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत मात्र ती सुमारे ३० टक्के आढळली. अपेक्षेएवढे यश न आल्याचेही प्रामाणिकपणे सांगणे, हे संशोधनातील सत्यव्रतच होय. तुलनेच्या गटातील स्त्रियांना तपासणीऐवजी केवळ आरोग्यशिक्षण मिळाले, यावर नैतिक आक्षेपही घेतले गेले. अहिंसा मानणाऱ्या समाजाने तोही प्रश्न हिशेबात धरावयास हवा.

लेखसंख्येच्या तक्त्यात २०१४ चा तो निबंध म्हणजे केवळ ‘एक’. त्यामागील दीड लाख स्त्रिया आणि कित्येक वर्षांचे परिश्रम तेथे दिसत नाहीत.

परंतु याहून कठोर मापही आहे. २०१६ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या आराखड्यात ३० ते ६५ वयोगटातील स्त्रियांसाठी ही आम्लतपासणी समाविष्ट झाली. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार ३० ते ४९ वयाच्या अवघ्या १.९ टक्के स्त्रियांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी कधी तरी तपासणी झाली होती. जागतिक अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात या रोगाचे सव्वा लाखाहून अधिक नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ८० हजार स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. ज्ञान परळमध्ये सिद्ध झाले. घराघरांत पोहोचले नाही.

श्रावकाच्या चतुर्विध दानात शास्त्रदान आणि औषधदान दोहोंना स्थान आहे. शोधनिबंध हे शास्त्रदान. ते ज्ञान रुग्णाच्या दारी नेणे हे औषधदान. पहिले विद्वानांचे कार्य, दुसरे समाजाचे. सुवर्णमहोत्सव साजरा करणाऱ्या संस्थेच्या महिला मंडळाने संकोचाचा पडदा दूर करून प्रत्येक घरातील माता-भगिनींना तपासणीस प्रवृत्त केले, तर देशाच्या संशोधनाचे खरे मोल कोणत्याही सूचीविना वाढेल.