पांढरं पडलेलं पोवळं मेलेलं नसतं

 

मालवण भागातल्या एका गटाने आम्हाला प्रश्न विचारला आहे. त्या ताईंच्या घरच्या होड्या पर्यटकांना समुद्रातलं पोवळं दाखवायला नेतात. त्या म्हणतात, "उन्हाळ्यात काही पोवळी पांढरीफटक दिसतात. ती मेली असं समजायचं का? शहरातले पाहुणे म्हणतात, मेलंच आहे तर एक तुकडा द्या, घरच्या काचेच्या टाकीत ठेवू. काय सांगायचं त्यांना?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्यावर आपलं पोट आहे. होडी, पाण्यात उतरायची जाकिटं, घरगुती खानावळ, यासाठी कितीतरी गटांनी बँकेचं कर्ज घेतलंय. पोवळं गेलं तर पाहुणा कशाला येईल? आणि पोवळ्याच्या कपारीत लहानाची मोठी होणारी मासळी कुठे जाईल?

आधी पोवळं म्हणजे काय ते पाहू. आपल्याला ठाऊक असतं ते अंगठीतलं लाल पोवळं. ते दूरच्या भूमध्य समुद्रातून येतं. आपल्या खडपांवरचं पोवळं वेगळं. ते दगडासारखं दिसतं, पण दगड नव्हे आणि झाडही नव्हे. ते जनावर आहे. एकेका तुकड्यावर शेकडो इवलेसे जीव दाटीवाटीने राहतात. प्रत्येकाला तोंड असतं, तोंडाभोवती बारीक बोटांसारखे तंतू असतात. हे जीव समुद्रातला चुना घेऊन अंगाखाली घर बांधतात. आपल्याला हाताला लागतो तो कडकपणा त्या घराचा.

त्यांच्या अंगात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ राहतं. ते उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं पोवळ्याला देतं. पोवळ्याचा तपकिरी-हिरवट रंग मुख्यतः या शेवाळाचा. पाणी फार तापलं, ऊन फार झालं किंवा पाण्याचा खारटपणा एकदम बदलला की पोवळं हे शेवाळ बाहेर टाकतं. मग त्याचं अंग काचेसारखं आरपार होतं आणि आतला पांढरा चुना दिसू लागतो. म्हणजे पांढरं पडलेलं पोवळं मेलेलं नसतं. ते उपाशी असतं. घरची स्वयंपाकीण निघून गेली आहे, चूल थंड आहे, पण घरात माणसं आहेत.

मेलेलं कसं ओळखायचं? पांढऱ्या भागावर पातळ साय धरल्यासारखं अंग दिसलं, रात्री तंतू बाहेर आले, तर ते जिवंत आहे. अंग सुटून नुसता खरखरीत चुना उरला आणि त्यावर हिरवं बुरबुरीत शेवाळ चढलं, तर तो भाग गेला.

अशा पोवळ्याची शुश्रूषा कशी होते, हे आम्ही एका घरात चाललेलं ऐकलं आणि फोनवर पाहिलं. आमच्या एका गटातल्या ताईंची नणंद दुबईत असते. तिच्याकडे समुद्राच्या पाण्याची टाकी आहे आणि त्यात दुकानातून रीतसर घेतलेलं, मेंदूसारख्या वळ्यांचं एक पोवळं आहे. टाकीवरचा जुना दिवा गेला, नवा लख्ख दिवा बसवला आणि दहा-बारा दिवसांत पोवळं पांढरं पडलं. घरातल्यांना वाटलं, फेकून द्यावं. एका जाणत्या माणसाने थांबवलं. म्हणाला, "औषधाची बाटली नंतर. आधी पाणी मोजा."

त्यांनी तीन गोष्टी मोजल्या. पहिली ऊब. अशा टाकीत साधारण 24 ते 26 अंश सेल्सिअस ठेवतात. दुसरी खारटपणा. लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार लागतात, आणि ते जेवणातलं मीठ नसतं. समुद्रातले सगळे क्षार असलेलं वेगळं मीठ शुद्ध पाण्यात कालवतात. तिसरी गोष्ट, घर बांधायला लागणारा चुना पाण्यात पुरेसा आहे का.

खारटपणाचं गणित आपल्याला सांगायला नको. आमटी आटली की खारट होते. टाकीचंही तेच. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. म्हणून रोज जेवढं आटलं तेवढं गोडं शुद्ध पाणी घालायचं. खारं पाणी घालत राहिलं तर दर आठवड्याला टाकी जास्त खारट होत जाते.

मग त्यांनी पोवळं उचलून टाकीच्या तळाशी, सावलीत ठेवलं. दिव्याचा उजेड निम्म्याहून कमी केला आणि पुढे काही आठवड्यांत थोडा थोडा वाढवला. पाण्याची धार थेट अंगावर येणार नाही अशी वळवली. आठवड्याला टाकीतलं दहावा हिस्सा पाणी बदललं, तेही आधीच्याच उबेचं आणि तेवढ्याच खारटपणाचं. आठवड्यातून दोनदा, रात्री तंतू बाहेर आले की पंप थोडा वेळ बंद करायचा आणि नळीने बारीक खाऊ त्याच्या तोंडाशी सोडायचा. उरलेलं लगेच काढून घ्यायचं, नाहीतर पाणी नासतं. तापातून उठलेल्याला आपण पुरणपोळी वाढत नाही, पेज देतो. तसंच हे.

सगळ्यात अवघड काम होतं काही न करण्याचं. रोज जागा बदलायची नाही, रोज हात लावायचा नाही, एका वेळी चार बाटल्या ओतायच्या नाहीत. एक बदल करायचा आणि आठवडाभर वाट पाहायची. तिसऱ्या आठवड्यात तंतू नीट बाहेर येऊ लागले. दोन महिन्यांनी वळ्यांच्या खोबणीत तपकिरी झाक दिसली. एका कडेचं अंग गेलं ते गेलंच, पण बाकीचं पोवळं जगलं.

आता पाहुण्याला काय सांगायचं? पहिलं, तुकडा देता येणार नाही. आपल्या देशात दगडी पोवळं 2001 सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. ते तोडणं, विकणं, घरी ठेवणं गुन्हा आहे, मेलेला तुकडासुद्धा. तुरुंगवास होऊ शकतो. शिवाय मालवणचा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. पाहुणा तुकडा घेऊन निघून जाईल, चौकशी होडीवाल्याकडे येईल. दुसरं सांगायचं, की ते मेलेलं नाही, आजारी आहे. आणि ज्याच्यासाठी दिवा, पंप, मोजमाप आणि दोन महिन्यांचा धीर लागतो, ते पिशवीत घालून नेलं तर घरी पोचेपर्यंतही टिकायचं नाही.

आपल्या समुद्रावरचा दिवा आपल्याला मंद करता येत नाही. 2024 साली जगभर पोवळी पांढरी पडल्याचं शास्त्रज्ञांनी जाहीर केलं. तशी ही चौथी वेळ. आपल्या लक्षद्वीपलाही त्या वर्षी मोठा फटका बसला. ही ऊब आपल्या हातात नाही. पण आजाऱ्यावर दुसरं ओझं न टाकणं आपल्या हातात आहे.

म्हणून गटाने घरातल्या होडीवाल्यांशी चार गोष्टी बोलून घ्याव्यात. नांगर पोवळ्यावर टाकायचा नाही, वाळूत टाकायचा, किंवा कायमचा तरंगता बोया असेल तर त्याला होडी बांधायची. पाहुण्याला पाण्यात उतरवण्याआधीच सांगायचं, की दमलात तर दोर धरा, खडपावर उभे राहू नका. पाय पडला की ते सायीसारखं अंग फाटतं. मासे गोळा व्हावेत म्हणून पाव-बिस्किटं टाकायची नाहीत, टाकीत जसं पाणी नासतं तसं तिथेही नासतं. आणि जिथे पोवळं पांढरं दिसतंय तिथे काही आठवडे पाहुणे न्यायचे नाहीत, दुसरी जागा दाखवायची.

एक धंद्याचा प्रश्न काकी विचारतील, की जागा सोडली तर दुसरा होडीवाला तिथे जाईल, मग आमचंच नुकसान. बरोबर आहे. म्हणूनच हे एका घराने करायचं काम नाही. वाडीतल्या सगळ्या होडीवाल्यांनी मिळून ठरवावं लागेल, आणि ती बैठक बोलवायची ताकद गटांत आहे. कर्जाचे हप्ते वेळेवर भरायला लावणाऱ्या बायकांना एवढं जड नाही.

जाळ्यात पोवळं अडकून आलं तर ते किनाऱ्यावर आणू नका, तिथेच पाण्यात सोडा. मोडलेले तुकडे आपण होऊन बांधायला, चिकटवायला जाऊ नका. ते काम परवानगीने आणि जाणकारांनी करायचं असतं.

गटाच्या वहीत एक पान वेगळं ठेवा. कुठल्या खडपावर, कुठल्या महिन्यात पोवळं पांढरं दिसलं, रंग परत कधी आला, की हिरवं शेवाळ चढलं, एवढंच लिहा. होडीवरच्या माणसांना रोज दिसतं, पण लिहिलेलं नसतं म्हणून कुणी मानत नाही. पान भरलं की त्याची प्रत वन विभागाच्या कार्यालयात द्या आणि पोच घ्या. एप्रिल-मे आला की पहिली नोंद करा. तुमच्या नोंदी आमच्याकडे पाठवल्यात तर या कार्यक्रमात वाचून दाखवू.

नमस्कार.