बोलोन्यात रात्र काढा



इटलीला निघालेली मंडळी हौसेने आपला कार्यक्रम मला दाखवतात. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस. आणि मध्येच बारीक अक्षरात: बोलोन्या, चार तास, सामान स्टेशनवर. फ्लॉरेन्सहून वेगवान गाडी पाऊण तासाच्या आत पोचवते, त्याचा हा मोह. मला आज एवढंच सांगायचंय की बोलोन्यात रात्र काढा, आणि जुन्या शहराच्या आत काढा.

तिथले पोर्तिको, म्हणजे घरांपुढच्या छपराखालच्या वाटा, तुम्ही चित्रांत पाहिले असतीलच. आपली ओसरीच ती. ओसरी घराची असते, पण दमलेला वाटसरू टेकला तर त्याला कोणी ऊठ म्हणत नाही. तसंच तिथं जागा घरमालकाची, डागडुजी त्याच्या माथी आणि चालायचा हक्क सगळ्या गावाचा. या ओसऱ्या आल्या कुठून? तिथल्या विद्यापीठाची सुरुवात 1088ची मानतात. दूरदूरचे विद्यार्थी येऊ लागले, त्यांना खोल्या कमी पडल्या. मग लोकांनी वरचा मजला रस्त्यावर पुढे काढला आणि खाली लाकडी टेकू दिले. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, असं आपण म्हणतो. इथं यजमानानंच हातपाय पसरले आणि भाडेकरू आत घेतला! कारभाऱ्यांनी ते पाडलं तर नाहीच, उलट 1288 साली नियम केला की नव्या घराला ओसरी हवीच, आणि घोड्यावरचा माणूस खालून जाईल इतकी उंच. स्त्रादा माज्जोरेवर कासा इझोलानीचे तेराव्या शतकातले लाकडी खांब आजही उभे आहेत, चांगले नऊ मीटर उंच. सगळ्या ओसऱ्या मिळून 62 किलोमीटर भरतात. 2021 साली त्यांतल्या निवडक ओसऱ्या जागतिक वारशाच्या यादीत गेल्या.

म्हणजे बघा, परगावच्या माणसाची राहायची सोय करता करता ज्या शहराला हे रूप आलं, तिथून आपण चार तासांत पळायचं?

आणि ओसरी भर दुपारी कोण बघतं? ती भरते संध्याकाळी. दुकानं मिटतात, पोरं खांबाला टेकून वाद घालत बसतात, म्हातारी माणसं पाऊस असो की ऊन, छत्रीशिवाय फेरी मारतात. किंवा मग पहाटे जा. सारागोझ्झा वेशीपासून सान लुकाच्या देवळापर्यंत 666 कमानींची ओसरी डोंगर चढत जाते, जवळजवळ चार किलोमीटर. शेवटचा चढ दमवणारा आहे, ऊन तापण्याआधी निघालेलं बरं. दुपारी गाडीतून उतरणाऱ्याला हे कसं जमायचं? तो बापडा दोन बुरूज बघायला धावतो. 48 मीटरचा गारिझेंडा मुळातच कललेला, आता तो ढासळण्याची भीती. म्हणून 2023च्या ऑक्टोबरपासून शेजारच्या 97 मीटरच्या आझिनेल्लीवरही चढू देत नाहीत.

तर मुक्काम. जुना तट पाडला, त्या जागी रुंद रस्त्यांचं कडं आहे. त्या कड्याच्या आत राहा, पुन्हा सांगतो, आत. स्टेशनावरून इंदिपेंदेन्त्सा रस्त्याने मुख्य चौक वीस-एक मिनिटांवर, बहुतेक वाट छपराखालून. चाकांची बॅग पावसातही ओढत नेता येते. विद्यापीठाजवळच्या झांबोनी रस्त्याला रात्री गलका असतो, झोप सावध असेल तर आतल्या चौकाकडची खोली मागा. सान्तो स्तेफानोकडची बाजू निवांत. कड्याबाहेर प्रदर्शनाच्या मैदानाजवळ राहिलात तर संध्याकाळी शुकशुकाट, मग तिथं जाऊन केलं काय? मोटार घेऊन जाणाऱ्यांनी हॉटेलला गाडीचा नंबर आधी कळवावा, आतल्या रस्त्यांवर कॅमेरे आहेत आणि दंड घरपोच येतो.

अरे हो, ज्या मार्कोनीमुळे तुम्ही मला रेडिओवर ऐकताय, तो 1874 साली याच शहरात जन्मला. विमानतळाला नाव त्याचंच. त्याने जिथे प्रयोग केले तो बंगलाही जवळच, पण ते आता राहू दे, काचेपलीकडून मला खुणा चालल्यात.

दोन गोष्टी घाईत. शाकाहारी मंडळींनी तोर्तेल्लिनीच्या वाटेला जाऊ नये, आत डुकराचं मांस असतं. रिकोटा भरलेले तोर्तेल्लोनी आहेत का, विचारा. आणि वसंतात मुलांच्या पुस्तकांचं मोठं प्रदर्शन भरतं, तेव्हा खोल्यांचे भाव कडाडतात. तारखा आधी पाहा, मग तिकिटं काढा.